रोज नव्याने घालायचा पाया

नित्यनेम हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे काही चित्रे आपोआप उभी राहतात. पहाटेची काकडआरती, स्नानानंतरची संध्या, तिन्हीसांजेला देवघरात लावलेली समई, वारकऱ्याच्या घरचा हरिपाठ. मुसलमान शेजाऱ्याच्या पाच वेळच्या नमाजाची बांगही आपल्या कानांवर पडत असते. ख्रिस्ती माणसाविषयी मात्र आपली समजूत अशी की, त्याचा देव रविवारचा. रविवारी सकाळी मंडळी ठेवणीतले कपडे घालून देवळात जातात, घंटा वाजते, गाणी होतात, आणि मग पुढच्या रविवारपर्यंत धर्माचे खाते मिटलेले. असे वाटण्याचे कारण उघड आहे. रविवारची उपासना रस्त्यावरून जाता-येता दिसते. रोजची दिसत नाही.

वस्तुतः ख्रिस्ती धर्माचा इतिहास चाळू लागले की उलटेच चित्र दिसते. मोठमोठी देवळे, धर्मसभा, पोप आणि राजे यांची भांडणे हा झाला वरचा मजला. खाली, दृष्टीआड, एक साधी गोष्ट दोन हजार वर्षे अखंड चालत आली आहे: माणसाने दिवसातून काही वेळ सगळे बाजूला ठेवून देवापाशी बसायचे. ख्रिस्ती जीवनाचा पाया कोणता, असे त्या धर्मातल्या मुरलेल्या माणसांना विचारले, तर बहुधा ती याच घटकेकडे बोट दाखवतील. मला या घटकेचा इतिहास विलक्षण वाटतो, कारण तो तीन प्रश्नांभोवती फिरतो. ही घटका कोणाच्या मालकीची? ती दार लावून पाळायची की उघडे ठेवून? आणि ती पाळणारा माणूस हमखास चांगला होतो काय? या प्रश्नांचा माग काढत आपण पॅलेस्टाइनमधून निघू आणि शेवटी आपल्या पुण्याला आणि केडगावला येऊन पोहोचू.

आरंभ अर्थातच यहुदी परंपरेत आहे. यरुशलेमच्या मंदिरात सकाळ-संध्याकाळ होमबली होत; परदेशी कैदेत असलेला दानीएल दिवसातून तीन वेळा खिडकीशी गुडघे टेकत असे, असे जुना करार सांगतो. येशू याच परंपरेत वाढला. मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात एक प्रसंग आहे. कफर्णहूम गावी शब्बाथ संपून सूर्य मावळतो आणि सारे गाव आपले रोगी घेऊन येशूच्या दाराशी लोटते. रात्र अशी दगदगीत जाते. दुसऱ्या दिवशी उजाडण्यापूर्वी, अंधार असतानाच, तो उठून गावाबाहेर निर्जन जागी जातो आणि प्रार्थना करतो. शिष्य त्याला शोधून काढतात व सगळे लोक तुमची वाट पाहत आहेत असे सांगतात. तो कफर्णहूमला परत जात नाही; आजूबाजूच्या गावांची वाट धरतो. पुढच्या साऱ्या ख्रिस्ती नित्यनेमाचे बीज या चार ओळींत आहे असे मला वाटते. काम संपल्यावर उरलेला वेळ देवाला, असा हिशेब येथे नाही. दाराशी काम ताटकळत उभे आहे, आणि तरीही अगोदर ती घटका. मग त्या घटकेतून दिवसाची दिशा ठरते.

पहिल्या पिढ्यांतील ख्रिस्ती लोकांनी हा क्रम उचलला. 'बारा प्रेषितांची शिकवण' या नावाची एक फार जुनी पोथी आहे. ती शतकानुशतके हरवली होती आणि १८७३ साली कॉन्स्टँटिनोपल येथे एका ग्रीक धर्मगुरूला हस्तलिखितांत सापडली. तीत प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणावी अशी स्पष्ट सूचना आहे. सुमारे २०० सालच्या सुमारास उत्तर आफ्रिकेतला तर्तुल्लियन हा लेखक दिवसाच्या तिसऱ्या, सहाव्या व नवव्या ताशी प्रार्थना करावी असे सुचवतो. हे तास नवे नव्हते; रोमन शहराचा दिवस याच टप्प्यांनी मोजला जाई. बाजाराचे आणि कचेरीचेच तास घेऊन त्यांतच देवाची आठवण बसवलेली होती. त्या वेळी नित्यनेम कोणा खास वर्गाचा नव्हता. सूत कातणारी बाई, गुलाम, व्यापारी, सर्वांचाच तो होता.

पुढे चौथ्या शतकात ख्रिस्ती धर्माला राजाश्रय मिळाला आणि तो पाळणे सोपे झाले. ज्यांना हे सोपेपण मानवले नाही, असे पुष्कळ लोक मिसरच्या वाळवंटात गेले. खजुराच्या पात्यांच्या चटया व टोपल्या विणायच्या, त्या विकून पोट भरायचे आणि हात चालू असताना तोंडाने स्तोत्रे म्हणायची, असा त्यांचा क्रम. या रानटी रोपट्याला वाफे घालून दिले ते इटलीतल्या बेनेडिक्टने. सुमारे ४८० ते ५४७ हा त्याचा काळ. मोंते कासिनो येथील मठासाठी त्याने ७३ छोट्या प्रकरणांची एक नियमावली लिहिली. रात्रीचे एक व दिवसाची सात अशी उपासनेची आठ वेळापत्रके तीत आहेत आणि आठवड्याभरात १५० स्तोत्रे पुरी झालीच पाहिजेत असा दंडक आहे. उपासनेचा इशारा कानी पडताच हातातले काम टाकून निघावे, अशी आज्ञा आहे. त्याचबरोबर एकट्याची प्रार्थना थोडक्यात आणि शुद्ध मनाने करावी, शब्दांचा पसारा मांडू नये, असेही तो बजावतो. 'प्रार्थना आणि काम' हे बेनेडिक्टचे ब्रीदवाक्य म्हणून सर्वत्र सांगितले जाते. मौज अशी की ते त्या नियमावलीत कोठेच नाही, पुष्कळ नंतरच्या लोकांनी ते जोडले. परंतु आशय मात्र त्याचाच. शेत नांगरणे, ग्रंथ वाचणे आणि स्तोत्रे म्हणणे या तीन धाग्यांनी त्याने दिवस विणला होता.

या मठांच्या घंटांनी युरोपचा काळ मोजला. इंग्रजांचा मध्यान्हवाचक 'नून' हा शब्द नवव्या तासाच्या उपासनेच्या नावावरून आला आहे. दुपारी तीनची ती उपासना सरकत सरकत बाराला येऊन टेकली आणि शब्दही तिच्याबरोबर सरकला. 'क्लॉक' या शब्दाचा मूळ अर्थ तर घंटाच. आज आपण कारखान्याच्या भोंग्याने आणि मनगटावरच्या घड्याळाने बांधले गेलो आहोत. पण पश्चिमेत दिवसाचे काटेकोर तुकडे पाडण्याची सवय लावण्यात ईश्वराच्या आठवणीसाठी वाजणाऱ्या या घंटांचा मोठा हात होता, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

मात्र या व्यवस्थेची एक किंमत होती. प्रार्थना हा हळूहळू निष्णातांचा व्यवसाय झाला. ९१० साली स्थापन झालेल्या क्लुनीच्या मठात उपासना इतकी वाढली की साधूंचा बहुतेक दिवस गायनातच जाई. आणि सरदार-दरकदार त्या मठाला जमिनी देऊन आपल्या आत्म्यासाठी प्रार्थना करवून घेत. आपल्याकडे ब्राह्मणाला दक्षिणा देऊन अनुष्ठानाला बसवावे, तसाच हा प्रकार. श्रीमंतांच्या बायका सोनेरी चित्रांनी मढवलेली तासांची पोथी बाळगीत. गरिबाला वाचता येत नव्हते; त्याने काय करावे? त्यानेही वाट काढली. साधू १५० स्तोत्रे म्हणतात, तर आपण मण्यांची माळ ओढून १५० वेळा मरियेचे स्मरण करू. अक्षरशत्रू माणसाने विद्वानांच्या नित्यनेमाला दिलेले हे उत्तर होते. त्यापुढे विद्वत्ता मला फिकी वाटते.

ही घटका मठाच्या भिंतीतून काढून पुन्हा घरात आणण्याचे श्रेय इतिहासकार धर्मसुधारणेच्या चळवळीला देतात. ते खरेही आहे. त्यातली सर्वांत बोलकी गोष्ट मला वाटते ती एका न्हाव्याची. विटेनबर्ग गावी पेटर बेस्केंडॉर्फ नावाचा एक न्हावी होता. तो मार्टिन लूथरची हजामत करी आणि त्याचा जुना स्नेहीही होता. एकदा त्याने लूथरला विचारले की माझ्यासारख्या साध्या माणसाने प्रार्थना करावी तरी कशी? लूथर त्या वेळी सबंध युरोपला हादरवून बसलेला मोठा माणूस. पण त्याने न्हाव्याच्या प्रश्नाला एक पुस्तिका लिहून उत्तर दिले. ती १५३५ साली छापली गेली आणि त्याच वर्षात तिच्या अनेक आवृत्त्या निघाल्या.

पुस्तिका आजही वाचताना ताजी वाटते, कारण ती उपदेशकाच्या थाटात लिहिलेली नाही. माझेही मन पुष्कळदा थंड पडते, प्रार्थनेची इच्छा होत नाही, असे लूथर आरंभीच कबूल करतो. प्रार्थना ही दिवसाची पहिली आणि रात्रीची शेवटची गोष्ट असू द्या, असे तो सांगतो. आधी हे एवढे काम उरकू, मग तासाभराने बसू, असे मन म्हणू लागले की सावध व्हा. तो तास कधी येत नसतो. मग पद्धत सांगतो. दहा आज्ञांपैकी एक घ्या आणि तिचे चार पदर उलगडा: ती काय शिकवते, तिच्याबद्दल आभार कशाचे मानायचे, तिच्यापुढे माझे काय चुकले, आणि आता काय मागायचे. लक्ष कसे ठेवावे हे सांगताना त्याने दृष्टान्तही न्हाव्याच्याच धंद्यातला दिला. चांगला न्हावी वस्तऱ्यावर आणि केसांवर नजर ठेवतो. गप्पांत रमला तर गिऱ्हाइकाचे नाक कापेल, नाही तर गळा. प्रार्थनेतही अवधान तसेच हवे.

येथे आपल्याला सेना न्हावी आठवल्याखेरीज राहत नाही. सेना पूजेत दंग असता राजाची हजामत करायला प्रत्यक्ष विठ्ठल धोकटी घेऊन गेला, अशी आपली कथा. विटेनबर्गच्या न्हाव्याची कथा मात्र निराळ्या वळणाने गेली. त्याच १५३५ सालच्या ईस्टरच्या आदल्या दिवशी पेटर आपल्या जावयाच्या घरी जेवायला गेला होता. जावई पूर्वी सैन्यात होता. आपल्या अंगात शस्त्र शिरत नाही, अशी काहीतरी बढाई तो मारू लागला. पेटरने त्या भरात सुरी उपसून त्याच्या अंगात खुपसली आणि जावई मेला. प्रार्थनेवरची पुस्तिका ज्याच्यासाठी लिहिली गेली, तोच माणूस खुनी ठरला. लूथरने त्याच्यासाठी रदबदली केली, म्हणून देहदंड टळला. पण घरदार गेले, हद्दपारी नशिबी आली आणि उरलेले आयुष्य त्याने देसाऊ गावी काढले.

ही हकीकत पुष्कळ भाविक लेखक गाळतात. मला ती गाळणे योग्य वाटत नाही. नित्यनेमाने माणूस आपोआप सज्जन होतो, ही सर्वांत गोड आणि सर्वांत खोटी समजूत आहे. ती या एका सुरीने कायमची कापून टाकली. लूथरनेही ती पुस्तिका मागे घेतली नाही. वस्तऱ्यावर नजर ठेवा, असे सांगणाऱ्याला हे ठाऊकच असते की नजर कधी ना कधी ढळणार. काल केलेली प्रार्थना आजचा हात आवरीलच असे नाही. म्हणूनच तर ती रोज करायची. घराचा पाया एकदा घातला की पिढ्यान् पिढ्या पुरतो. हा पाया रात्रीतून खचतो आणि सकाळी पुन्हा घालावा लागतो.

इंग्लंडात हेच काम निराळ्या रीतीने झाले. आर्चबिशप क्रॅन्मरने १५४९ च्या प्रार्थनापुस्तकात मठातल्या आठ उपासनांचे आटीव रूप करून दोनच ठेवल्या, एक सकाळची आणि एक संध्याकाळची. त्याही लॅटिनमध्ये नव्हेत, लोकांच्या इंग्रजीत. स्तोत्रे महिन्याला एकदा पुरी व्हावीत आणि जुना करार वर्षाला एकदा, असा त्याने हिशेब बसवला. प्रपंचातल्या माणसाला पेलेल एवढेच ओझे ठेवावे, ही त्यामागची दृष्टी.

जर्मनीत हेर्नहूट येथे तर याहून चमत्कारिक प्रयोग झाला. धर्मछळामुळे मोराव्हियातून पळालेले काही लोक काउंट झिंझेंडॉर्फ याच्या जमिनीवर वसले होते. वस्ती लहान, आणि आपसांत भांडणे मात्र फार. १७२७ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्यात समेट झाला आणि २७ तारखेला २४ पुरुष व २४ स्त्रिया यांनी असे ठरवले की प्रत्येकाने दिवसाचा एक तास वाटून घ्यायचा, म्हणजे चोवीस तासांत एकही तास प्रार्थनेवाचून जाणार नाही. आपल्याकडे सप्ताहात वीणा खाली ठेवीत नाहीत. येथे ही वीणा शंभरांहून अधिक वर्षे हातोहात फिरत राहिली. रोज सकाळी बायबलातले एक वचन घरोघर सांगण्याची चाल १७२८ मध्ये पडली. १७३१ पासून अशी वचने वर्षाच्या पुस्तकात छापून येऊ लागली आणि ते वार्षिक आजही अनेक भाषांत निघते. या प्रार्थनेची दिशा बाहेरची होती, हे येथे सांगितले पाहिजे. १७३२ साली याच गावातून दोघेजण, एक कुंभार आणि एक सुतार, वेस्ट इंडीजमधल्या गुलामांकडे जायला निघाले.

या सगळ्या नेमानियमांच्या इतिहासात एक गोड अपवाद आहे तो पॅरिसच्या एका मठातल्या स्वयंपाक्याचा. ब्रदर लॉरेन्स हे त्याचे मठातले नाव. तरुणपणी सैन्यात जखमी होऊन लंगडा झालेला, धांदरट, फारसा न शिकलेला. तो १६९१ साली वारला. त्याच्याशी झालेले संवाद व त्याची पत्रे मागाहून प्रसिद्ध झाली. त्याचे म्हणणे असे की प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ यांत मला भेद उरलेला नाही. भांड्यांच्या खणखणाटात मला तीच शांती असते. जनाबाईचे जाते ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे समजावून सांगायला नको. पुष्कळ लोक याचा सोयीस्कर अर्थ काढतात की, मग खास वेळ काढण्याची गरजच काय? पण ते विसरतात की लॉरेन्स मठात राहत होता; घंटा झाली की तो इतरांबरोबर उपासनेला जातच असे. ज्याचा तास पक्का झाला, त्याचा दिवस सुटा झाला. तासच नसलेल्या माणसाने त्याचे नाव सांगून सुटका करून घेऊ नये.

आता आपण आपल्या घरी येऊ. मराठी ख्रिस्ती नित्यनेमाला मराठी शब्द लाभले ते फार पूर्वी, गोमंतकात. इंग्लंडात जन्मलेला जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आला, आपली भाषा शिकला, आणि १६१६ मध्ये त्याचे ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' राशोल येथे छापले गेले. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची पुराणे सुटली होती. त्यांच्या कानांना त्याच वळणाचे काही हवे होते, हे त्याने ओळखले. पुढे एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मिशनऱ्यांनी मुंबईस व अहमदनगरास (आजच्या अहिल्यानगरास) शाळा काढल्या. त्यांच्या धर्मात रोज ग्रंथ वाचायचा तर वाचता आले पाहिजे, आणि बाईनेही वाचायचा तर बाईला वाचता आले पाहिजे. आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी या उपासनेला अभंगाचा आणि भजनाचा सूर दिला. त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुरे केले. परंतु आरंभी मांडलेले तीनही प्रश्न जिच्या आयुष्यात एकत्र आले, ती व्यक्ती म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवले आणि त्या लक्ष्मीबाईंनी मुलीला शिकवले. रमाबाईंच्या १८८७ सालच्या इंग्रजी पुस्तकाच्या प्रस्तावनेत याचे वर्णन आले आहे. आईला दिवसभर घरकामातून सवड नसे. म्हणून ती पहाटे, पाखरे जागी होण्याच्या वेळी, झोपलेल्या मुलीला मांडीवर घेई, लाडाच्या शब्दांनी उठवी आणि तोंडी धडा देई. पुस्तक नव्हते, आईचे ओठ हेच पुस्तक. म्हणजे दिवसाची पहिली घटका राखून ठेवावी, हे रमाबाईंना कोणा मिशनऱ्याने शिकवलेले नाही. ते त्या आईपाशी शिकल्या होत्या.

पुढे दुष्काळात आईवडील गेले, भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पती गेला. १८८३ साली त्या विलायतेस वाँटेज येथे ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहिल्या आणि तेथेच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेथे बेनेडिक्टच्या वारशातली घंटा होती, ठरलेल्या वेळच्या उपासना होत्या. रमाबाई त्यांत बसल्या. पण मान तुकवून नव्हे. धर्मगुरू सांगतील ते सगळे देवाचेच शब्द, हे त्यांनी मान्य केले नाही, आणि या मुद्द्यावर त्यांनी भगिनींशी पत्रांतून खडाजंगी वाद घातला. घंटा त्यांनी घेतली, पण घंटा वाजवणाऱ्याची मालकी नाकारली.

११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदासदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. विधवांना व मुलींना शिकवायचे, धर्म शिकवायचा नाही, ज्याने त्याने आपले आचार पाळावेत, असे ठरलेले होते. रानडे आणि भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार होती. रमाबाई आपल्या खोलीत मुलगी मनोरमा हिच्यासह रोज प्रार्थना करीत. खोलीचे दार त्या लावीत नसत. काही मुली येऊन बसू लागल्या. एवढ्यावरून पुण्यात जे वादळ उठले, ते आपल्या सामाजिक इतिहासात प्रसिद्ध आहे. 'केसरी'ने कडक टीका केली, पालकांनी मुली काढून नेल्या आणि १८९३ मध्ये रानडे व भांडारकर यांनी सल्लागारपण सोडले.

या वादात दोन्ही बाजूंचे म्हणणे मला समजते. विश्वासाने सोपवलेली पोर परक्या धर्माकडे ओढली जाते आहे, असे पाहणाऱ्या पालकाचा संताप खोटा नव्हता. आईसारखी असलेली बाई आपल्या खोलीत डोळे मिटून बसते, तेव्हा अजाण मुलीवर तिचा परिणाम होणारच. दार उघडे ठेवणे हीसुद्धा एक शिकवण असते. प्रार्थना करताना खोलीत जाऊन दार लाव, असे येशूनेच सांगितले आहे, याची आठवण रमाबाईंना कोणी दिली असती तर तीही गैर ठरली नसती. पण रमाबाईंचाही प्रश्न खरा होता: माझ्या घरात, माझ्या देवाचे नाव मी लपूनछपून का घ्यावे? आणि त्या मुलींचे काय? ज्यांचे केस उतरवलेले, ज्या घरात सर्वांआधी उठायच्या आणि सर्वांनंतर निजायच्या, ज्यांच्या दिवसातली एकही घटका स्वतःची नव्हती, त्यांना एका बाईने आपली स्वतःची घटका राखलेली दिसली. त्या दाराशी त्या धर्म बदलायला येत होत्या की हे नवल पाहायला, हे आज कोण सांगणार? कदाचित त्यांनाही ते सांगता आले नसते.

पुढची हकीकत केडगावची. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्यप्रांतातून शेकडो मुली व विधवा आणल्या आणि 'मुक्ति' उभी राहिली. येथे विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, विणकाम चालले, छापखाना चालला. आणि या सर्वांच्या तळाशी रोजची प्रार्थना. १९०५ च्या जानेवारीत त्यांनी रोज एकत्र प्रार्थनेला बसण्यासाठी मुलींना हाक दिली, तेव्हा सत्तरेक जणी पुढे आल्या. जूनपर्यंत ती संख्या कित्येक पटींनी वाढली. त्यानंतर तेथे उसळलेल्या धार्मिक जागृतीची वर्णने जगभर गेली. रडणे, पापांची कबुली, रात्ररात्र प्रार्थना, असे पुष्कळ त्यांत आहे. त्या लाटेपेक्षा मला ओढ वाटते ती तिच्यानंतर चालू राहिलेल्या एका मुक्या कामाची. रमाबाईंना प्रचलित मराठी बायबलाची भाषा त्यांच्या अडाणी मुलींना कळेल अशी वाटत नव्हती. म्हणून पन्नाशीकडे झुकलेल्या या बाईने हिब्रू आणि ग्रीक यांचा अभ्यास केला आणि सबंध बायबलाचे सोप्या मराठीत भाषांतर आरंभले. एवढ्या मोठ्या आश्रमाचा व्याप, बहिरेपण, आजार, १९२१ मध्ये मनोरमेचा मृत्यू, यांतून ते काम चालू राहिले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या तेव्हा भाषांतर हातावेगळे झाले होते. १९२४ साली ते छापून प्रसिद्ध झाले.

हे भाषांतर कसे आहे, यावर पंडितांत मतभेद आहेत. परंतु त्याच्याकडे नित्यनेमाच्या इतिहासातला एक दस्तऐवज म्हणून पाहिले, तर त्याचे मोल कळते. बेनेडिक्टच्या साधूंपाशी लॅटिन होते. लूथरच्या न्हाव्यापाशी निदान वाचण्याची कला होती. केडगावच्या मुलीपाशी भूक आणि एक थाळी याखेरीज काही नव्हते. तिला घटका द्यायची, तर आधी अक्षर द्यावे लागले, आणि अक्षराच्या आत तिला कळेल असा शब्द ठेवावा लागला. आईने पहाटे मांडीवर घेऊन मुलीला जे दिले, तेच त्या मुलीने म्हातारपणी छापखान्यात खिळे जुळवून इतरांच्या मुलींना दिले.

अशा रीतीने ही घटका वाळवंटातून मठात, मठातून न्हाव्याच्या दुकानात आणि शेवटी दुष्काळातल्या पोरीच्या हातात आली. ती ज्यांनी विकत घेतली, त्यांच्यापाशी ती राहिली नाही. ती पाळणाऱ्याच्या हातूनही खून होऊ शकतो, आणि ती पाळणाऱ्याच्या उघड्या दारावरून गावात तंटा माजू शकतो, हे इतिहासाने लपवलेले नाही. तिने हमी कशाचीच दिली नाही. फक्त दिवस सुरू करण्याची एक जागा दिली. कफर्णहूमला दाराशी गर्दी होती, केडगावलाही होती. आपल्याही दाराशी रोज असते. त्या गर्दीत शिरण्यापूर्वी कोठे उभे राहायचे, हे ज्याचे त्याने सकाळी ठरवायचे असते. आणि उद्या सकाळी पुन्हा ठरवायचे असते.